लिनक्सवर मराठी बिघडली, तर विचारायचे कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली, म्हणजे तिचे उबुंटू किंवा लिनक्स मिंट हे प्रकार, आणि सोबत लिब्रेऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखे मोफत सॉफ्टवेअर घेणे हा उत्तम मार्ग आहे. अडचण पहिली मराठी फाइल उघडताना येते. नवखा माणूस दिसेल त्या मदतगटात ‘मराठी चालत नाही, तातडीने सांगा’ असे लिहितो, उत्तर येत नाही, आणि तो लिनक्सचाच नाद सोडतो. उत्तर देणारे स्वयंसेवक बहुधा उद्धट नसतात. ‘मराठी चालत नाही’ यात चार-पाच वेगळे बिघाड मावतात, आणि नेमका कोणता हे त्यांना कळत नाही.

म्हणून आधी बिघाड ओळखावा. फाइलमधली एक ओळ कॉपी करून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा. तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हे आली, तर मजकूर युनिकोडपूर्व (म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड पद्धत न पाळणाऱ्या जुन्या) फॉन्टात टाइप केलेला आहे. अशा फाइलीत मुळात रोमन अक्षरेच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. यात लिब्रेऑफिसचा दोष नाही. जुन्या फॉन्टाचे नाव सांगून त्यातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर विचारावा. नुसत्या रिकाम्या चौकटी दिसल्या, तर देवनागरी फॉन्टच नाही. नोटो किंवा लोहित बसवावा. वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटली असेल, तर बहुधा टाइपरायटरच्या सवयीने पहिली वेलांटी आधी दाबली गेली आहे. युनिकोडमध्ये व्यंजन आधी, वेलांटी नंतर.

‘आचाऱ्यांना’ लिहायचे असते आणि ‘आचार्यांना’ उमटते, ही तक्रारही नेहमीची. स्वयंपाक्याचा गुरुजी होतो! इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड लेआउटवर ‘जे’ने साधा र येतो; इथे शिफ्ट धरून ‘जे’ दाबावे, मग ‘डी’ने हलन्त, मग य.

फॉन्ट बदलूनही मराठी मजकूर तसाच राहिला, तर लक्षात घ्यावे की लिब्रेऑफिस रोमन आणि देवनागरीचे फॉन्ट वेगळे ठेवते. टूल्स मेनूतल्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) खूण करून मराठी निवडावी, म्हणजे देवनागरीचा फॉन्ट वेगळा निवडता येतो.

एवढ्याने भागले नाही, तर तोच मजकूर फायरफॉक्समध्ये पाहावा. तिथेही बिघडत असेल, तर प्रश्न फॉन्टाचा किंवा कीबोर्डाचा आहे. तो उबुंटू किंवा मिंटच्या मदतगटात न्यावा. फक्त लिब्रेऑफिसमध्ये बिघडत असेल, तर हेल्प मेनूतून ते सेफ मोडमध्ये, म्हणजे आपल्या सेटिंग्ज बाजूला ठेवून, सुरू करावे. तिथे नीट चालले तर आपल्या सेटिंग्जमध्ये गडबड आहे. तरीही बिघडले, तर ‘आस्क लिब्रेऑफिस’ या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर विचारावे. लिब्रेऑफिसचे बगझिला हे संकेतस्थळ दोष नोंदवण्याची जागा आहे, शंका विचारण्याची नव्हे.

प्रश्नात ‘लेटेस्ट व्हर्जन’ लिहून उपयोग नाही. हेल्पमधल्या ‘अबाउट लिब्रेऑफिस’ खिडकीत आवृत्तीची माहिती कॉपी करण्याचे बटण आहे. ती जशीच्या तशी चिकटवावी. लिनक्सचे नाव व आवृत्ती, फॉन्ट, कीबोर्ड लेआउट आणि आधी काय करून पाहिले, हेही सांगावे. इंग्रजी साधे, तोडकेमोडके असले तरी चालते. उत्तर देणाऱ्याला देवनागरी वाचता येत नसण्याची शक्यता मात्र धरावी. ‘ऱ्य’ कसा दिसायला हवा हे त्याला ठाऊक नसते, म्हणून हवे ते रूप आणि उमटलेले रूप यांची चित्रे शेजारी-शेजारी द्यावीत. सोबत दोन ओळींची नमुना फाइल जोडावी. ती जगाला दिसते, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या याद्या किंवा आधार क्रमांक असलेली खरी फाइल कधीही चढवू नये.

मग दोन दिवस थांबावे. तोच प्रश्न पाच ठिकाणी टाकला, तर पाच जणांचा वेळ एकाच कामात जातो, आणि ते त्यांना आवडत नाही.

जाणत्यांनाही एक विनंती. ‘मॅन्युअल वाचा’ एवढेच लिहून नवख्याला परत पाठवू नका; मॅन्युअलचे नेमके पान द्या. चुकीच्या जागी विचारले असेल, तर योग्य जागेचा दुवा द्या आणि तिथे कोणती माहिती लागेल तेही सांगा. आणि प्रश्न सुटला की विचारणाऱ्याने कशाने सुटला ते त्याच धाग्यात लिहावे, जमल्यास मराठीतही, म्हणजे ‘ऱ्य’ शोधत येणाऱ्या पुढच्या माणसाला ते सापडेल.

– एक वाचक, पुणे