आधी कपाटातला जुना राउटर बाहेर काढा

संपादक महोदय,

आतल्या खोलीत वाय-फाय पोचत नाही, अशी तक्रार केली की सिग्नल पकडून पुढे पाठवणारा ‘एक रिपीटर लावून टाक’ हा सल्ला हमखास मिळतो. तो मानण्याआधी नवा राउटर आल्यावर कपाटात गेलेला जुना राउटर बाहेर काढावा. तो चालू स्थितीत असेल आणि तिथवर वायर न्यायची तयारी असेल, तर काम रिपीटरपेक्षा चांगले होते.

एकच रेडिओ असलेला रिपीटर मुख्य राउटरकडून ऐकतो आणि तेच त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो. माहितीचे प्रत्येक पॅकेट (तुकडा) हवेतून दोनदा जाते, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. त्यातून लोक तो नेमका सिग्नल नसलेल्या कोपऱ्यात लावतात. तिथे त्यालाच धड ऐकू येत नाही, तर तो पुढे काय सांगणार? फोनवर मात्र सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात. त्या फोन आणि रिपीटर यांच्यामधल्या असतात; रिपीटरपासून राउटरपर्यंतची रड त्यांत दिसत नाही.

जुना राउटर वायरने जोडला की तो ‘ॲक्सेस पॉइंट’ होतो, म्हणजे इंटरनेट वायरीतून घेतो आणि फक्त हवेत सोडतो. तयारी करताना तो मुख्य राउटरला अजिबात जोडू नये. चालू करून रीसेटचे बटण टाचणीने दहा-एक सेकंद दाबून धरावे, म्हणजे आधीच्या सेटिंग पुसल्या जातात. मग लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला (घरातली उपकरणे जोडायच्या खाचेला) वायरने जोडावा आणि स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. लॅपटॉपचे वाय-फाय तेवढा वेळ बंद असू द्यावे, नाहीतर मुख्य राउटरचे पान उघडते आणि भलत्याच सेटिंग बदलल्या जातात.

मेनूमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडावा. बरेचसे काम राउटर स्वतःच उरकतो. नसेल तर हाताने करावे लागते आणि त्यात क्रम सांभाळायचा असतो. आधी वाय-फायचे नाव आणि पासवर्ड. मग लॅनचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या जाळ्यातला राउटरचा आकडी पत्ता. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्यावा, मात्र मुख्य राउटर उपकरणांना जे पत्ते वाटतो, त्या यादीत हा आकडा नसल्याची खात्री करावी. जुना राउटर १९२.१६८.०.१ अशा वेगळ्या पट्ट्यातला असला तरी त्याला मुख्य राउटरच्याच पट्ट्यात आणायचे, म्हणजे पहिले तीन आकडे तेच ठेवायचे. पत्ता बदलताच पान तुटते. वायर काढून पुन्हा लावावी, नव्या पत्त्यावर लॉगिन करावे आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटणारा भाग, बंद करावा. तो आधीच बंद केला तर लॅपटॉपला पत्ता द्यायला कोणी उरत नाही आणि आपणच दाराबाहेर राहतो.

आता वायर मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून जुन्याच्या लॅन पोर्टमध्ये. वेगळ्या रंगाचे वॅन पोर्ट (बाहेरून इंटरनेट घेण्याचे) रिकामे ठेवायचे. (तयार ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये काही राउटर वॅन पोर्टही चालवून घेतात.) हाताने सेटिंग केलेल्या राउटरला वायर वॅनमध्ये लावली, तर वेगळेच जाळे तयार होते. तेव्हा इंटरनेट चालू राहू शकते, म्हणून चूक ध्यानात येत नाही. पण या खोलीतल्या फोनला त्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही.

बिघाडाच्या लक्षणांवरून कारण ओळखता येते. जुना राउटर जोडताक्षणी घरभरचे इंटरनेट कोलमडले, तर बहुधा दोन्ही राउटरांचा पत्ता एकच आहे. काही उपकरणे चालतात, काही नाहीत, आणि रीस्टार्ट केल्यावर चालणारी बदलतात, असे असेल तर जुन्याचा डीएचसीपी चालूच राहिला आहे. दोघेही पत्ते वाटतात आणि जुना राउटर ‘बाहेर जायची वाट माझ्याकडून’ असे सांगतो. त्याच्याकडे तर वाटच नाही. आणि वेग वाढेल म्हणून दोन राउटरांमध्ये दोन वायरी कधीही लावू नयेत. तीच पॅकेटे गोल गोल फिरत राहतात आणि सगळे नेटवर्क ठप्प होते.

वायर कॅट-५ई या प्रकारची पुरते, लांबी १०० मीटरपर्यंत चालते. घेताना पूर्ण तांब्याची आहे ना, ते विचारावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर लांब अंतरावर त्रास देते आणि वाकवल्यावर लवकर तुटते. १ गिगाबिटच्या (१००० मेगाबिटच्या) वेगासाठी आतल्या तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात. एक तार जरी कनेक्टरमध्ये नीट बसली नाही तरी वेग १०० मेगाबिटवर घसरू शकतो. जुन्या राउटरची पोर्टे मुळातच १०० मेगाबिटची असली तर प्रत्यक्षात ९४-९५च्या वर काही मिळत नाही. त्यावर व्हिडिओ आणि कॉल आरामात चालतात.

वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे तंतोतंत सारखा असू द्यावा. चॅनेल मात्र वेगळे. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच एकमेकांत न मिसळणारे चॅनेल, आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. तरीही एखादा फोन दूरच्या राउटरला चिकटून राहतो, कारण कोणाला जोडायचे हे शेवटी फोनच ठरवतो. अशा वेळी लोक राउटरच्या सिग्नलची पॉवर वाढवतात. खरे तर ती कमी करायला हवी, म्हणजे दूरचा सिग्नल लवकर क्षीण होतो आणि फोन जवळचा राउटर धरतो.

वायर नेणे अशक्यच असेल तर जुन्या राउटरमधला रिपीटर किंवा डब्ल्यूडीएस (राउटर एकमेकांना बिनतारी जोडण्याचा) मोड वापरता येतो. तो अंधाऱ्या कोपऱ्यात न ठेवता, जिथे मुख्य राउटर अजून चांगला ऐकू येतो अशा मधल्या जागी ठेवावा. डब्ल्यूडीएस वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटरांत जमेलच असे नाही, त्यावर दिवस घालवू नये.

प्रत्येक जुना राउटर वापरण्याजोगा असतोच असे नाही. ज्याला वाय-फाय सुरक्षेचे फक्त जुने प्रकार, डब्ल्यूईपी किंवा पहिलाच डब्ल्यूपीए, येतात, तो सरळ ई-कचऱ्यात द्यावा. किमान डब्ल्यूपीए२, एईएस या सांकेतीकरणासह, हवेच. त्याऐवजी टीकेआयपी हे जुने सांकेतीकरण निवडले तर सुरक्षा जातेच, शिवाय वेग ५४ मेगाबिटच्या वर जात नाही. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद, बाहेरून हाताळण्याची सोय बंद, ॲडमिनचा पासवर्ड नवा. कंपनीचे अपडेट थांबले असतील तर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचे मुक्त सॉफ्टवेअर हा पर्याय आहे; मात्र ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरांवर त्याच्या नव्या आवृत्त्या चालत नाहीत. मॉडेलसोबत स्टिकरवरचा आवृत्ती क्रमांकही जुळवून पाहावा. चुकीची फाइल घातली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो.

ॲडॉप्टर हरवला असेल तर दुसरा कुठलाही खुपसू नये. व्होल्ट आणि पिनेची ध्रुवता नेमकी तीच हवी, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. राउटर अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत असेल तर राउटरला दोष देण्याआधी ॲडॉप्टर बदलून पाहावा. जुन्यांतले कपॅसिटर म्हातारे झालेले असतात.

आणि हो, स्टिकरवरचा पत्ता आता खोटा झालेला असतो. नवा पत्ता चिकटपट्टीवर लिहून राउटरच्या पाठीवर लावावा. नाहीतर पुढे कोणीतरी लॉगिन जमत नाही म्हणून रीसेट दाबतो, डीएचसीपी पुन्हा चालू होतो आणि घरभरचे इंटरनेट का अडखळते, याचा शोध नव्याने सुरू होतो.

— एक नेटवर्क तंत्रज्ञ