अक्का, तुमचं नाव छापलं नाही म्हणून हे उघडं पत्र

अक्का, नमस्कार. वाचनालयाच्या स्मरणिकेत सीमाप्रश्नावरचा माझा लेख आला, लोक फोन करून चांगलं लिहिलंय म्हणायलेत, पण त्या लेखात तुमचं नाव कुठंच नाही, तुम्हीच नको म्हणालात. म्हणून आभार तरी सगळ्यांसमोर मानतो.

आपल्या बेळगावात एक नोव्हेंबरला इकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि तिकडं मराठी लोकांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी. १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला, ते दुखणं आमच्या घरात अजून रोजच्या बोलण्यात आहे. अशा घरातल्या माणसानं या विषयावर तटस्थ लिहायचं म्हणजे अवघडच की. त्यात तुम्ही कन्नड घरातल्या, शाळेत इतिहास शिकवलेल्या, म्हणून मसुदा तुम्हाला दाखवतोय म्हटल्यावर घरात कटकट झाली, पण मला तुमच्यासारखंच वाचणारं माणूस पाहिजे होतं.

सीमाप्रश्नासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या परिच्छेदावर तुम्ही अख्खी संध्याकाळ घालवलात. महाराष्ट्रानं ८१४ गावं मागितली, १९६७ च्या अहवालात २६४ मिळायची शिफारस झाली आणि बेळगाव शहर कर्नाटकातच राहिलं, हे आमच्यात पोरासोरांना पण पाठ. त्याच अहवालात जत, अक्कलकोट, सोलापूरकडची २४७ गावं कर्नाटकाला द्या म्हटलंय, ते आमच्याकडं सहसा कोण काढत नाही. तुम्ही ते घालायला लावलंत. वर म्हणालात, आयोग महाराष्ट्राच्याच आग्रहावरनं नेमला मग आता अहवाल का नको, हे कर्नाटकाचं म्हणणं असं लिही की माझ्या भावानं वाचून होय म्हणावं, आणि खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, सलगता, लोकांची इच्छा हे महाराष्ट्राचं म्हणणं, २००४ ला सुप्रीम कोर्टात का गेले ते, पण तेवढ्याच ताकदीनं लिही. मला वाटतं तटस्थपणा म्हणतात तो हाच, दोन्हीकडचं पातळ करून मधोमध उभं राहणं नव्हे.

आणि १९८६ ची ओळ! कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. कशाला वाद, ती ओळ काढूया असं मंडळात चाललं होतं, आमचेच लोक होते बरं का. तुम्ही एकट्या अडून बसलात, घडलंय ते राहू दे, कुणाला बरं वाटावं म्हणून गाळायचं नाही. कन्नड माणसानं हे म्हटल्यावर कोण काय बोलणार? ते मी कधी विसरणार नाही. आजोबांचा राग पण तुम्ही काढायला सांगितला नाहीत, फक्त पुढं ‘माझे आजोबा म्हणायचे’ एवढं लावायला सांगितलंत, म्हणजे वाचणाऱ्याला कळतंय हे कुणाचं म्हणणं.

आता कन्नडमध्ये तुम्हीच अनुवाद करणार म्हणालाय. तुम्हाला जे पटत नाही तिथं खाली तुमची टीप घाला, कितीही मोठी होऊ दे, मी एक अक्षर काढा म्हणणार नाही. आणि यावेळी नाव छापू द्या.