गाळलेलं नाव

नाशिक, रविवार रात्र

प्रिय बापू,

सलाम. सात-आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या द्यायच्या असतील तर आधी दे, मग पुढे वाच. तब्येत बरी. साखर एकशेसाठच्या घरात, गुडघा आहे तसाच. कुंभाच्या कामांनी रस्ते खणून ठेवलेत, चर्चच्या देवळात जायचं म्हणजे धुळीत नाहायचं. पाकिटावर शहाण्यासारखं अहिल्यानगर लिहिलंय. तोंडात मात्र नगरच येतं, माफ कर.

आज देवळात माझ्या हातून एक गोष्ट झाली. सुशीला सांगितली तर म्हणाली, "त्यात काय एवढं?" म्हणून तुला लिहितोय.

मध्यस्थीच्या प्रार्थनेची, म्हणजे इतरांसाठी देवाकडे मागायची, पाळी माझी होती. कागद नेहमीचाच. आजारी, विधवा, प्रवासातले, मग राज्यकर्ते नावानिशी. बाकीची नावं घेतली आणि त्याच्यापाशी आल्यावर जीभ अडली. कोण ते लिहीत नाही, तुला कळेल. खोकल्यासारखं केलं आणि पुढच्या ओळीवर गेलो.

गेल्या आठवड्यात आपल्या नातवाला शाळेत एकाने विचारलं, "तुम्हाला किती तांदूळ मिळाले रे?" पोरगं घरी येऊन मला विचारतं, आजोबा, कसले तांदूळ? काय सांगू? तांदळासाठी ख्रिस्ती झालात, हा जुनाच टोमणा. आपले पणजे दुष्काळातले, तुमच्या नगरकडचे. ते तांदूळ कशाला घेतील, बाजरी मागितली असेल! तेव्हा हसलो, पण रात्री झोप आली नाही. हे शब्द शाळेत उगवत नाहीत. सभांमधून येतात, आणि कोणाच्या सभांमधून ते तुला माहीत आहे.

तर मी नाव गाळलं. "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणायची वेळ आली, सगळे थांबले, आणि दुसऱ्या बाकावरून रूथमावशीचा आवाज. तोच, वर्गात हजेरी घेतल्यासारखा. तिने त्याचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. मंडळी म्हणाली, आमची प्रार्थना ऐक. मी कागदाकडे बघत उभा.

बाहेर चपला घालताना तिला म्हटलं, मावशी, तुम्ही तर त्याला शिव्या घालता. म्हणाली, "मत कधी दिलं नाही, देणार नाही. प्रार्थना दर रविवारी देते. चष्मा बदल तुझा." चष्म्याचं ती खरंच समजली की मला वाचवलं, देव जाणे.

आता तू हसशील. हस. आणीबाणीतला तो रविवार मीही विसरलेलो नाही. पाळकसाहेबांनी बायबलातल्या रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय काढला, "जे अधिकार आहेत ते देवाने नेमलेले आहेत", आणि तू चपला हातात घेऊन मधूनच उठलास. मी बसून राहिलो. नंतर त्र्यंबक नाक्यावर चहा पिताना तुला शहाणपण शिकवलं, की प्रेषित पौलाने हे लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर क्रूर नीरो होता, बाई काय नीरोपेक्षा वाईट आहे का? तू म्हणालास, येशूने हेरोद राजाला कोल्हा म्हटलं, ते पान फाडून टाक मग. चहाचे पैसेही दिले नाहीस. अबोला थेट मार्च 1977पर्यंत. निकाल लागल्यावर तुझं कार्ड आलं, अक्षर एक नाही, नुसता कोल्हा. तो चित्रात कुत्रा दिसत होता, हे तुला कधी सांगितलं नाही.

आज मी उठून गेलो असतो तर तुझ्यासारखा झालो असतो. तू सगळ्यांसमोर उठलास. मी खोकलो.

दुपारी बायबलातलं शमुवेलाचं पुस्तक काढून बसलो. एन-गेदीची गुहा. जिवावर उठलेला राजा शौल आत आलाय, लपलेला दावीद त्याला मारत नाही, गुपचूप झग्याचा काठ कापतो. कोणाला कळलंही नसतं. तरी त्याचं मन त्याला खातं. पूर्वी वाटायचं, एवढ्याशा कापडाचं काय! पण मग बाहेर येऊन तो शौलाला हाक मारतो, भुईपर्यंत वाकतो, आणि सगळं तोंडावर सुनावतो: तू माझ्या जिवावर उठलायस, आपला न्याय परमेश्वर करील. वाकणंही खरं, सुनावणंही खरं. पौलाचंही तसंच. प्रमुख याजकाला चुना फासलेली भिंत म्हणाला, आणि तो कोण हे कळल्यावर तिथेच शब्द मागे घेतला. त्याने थोबाडीत मारायला लावलं होतं ती तक्रार मात्र मागे घेतली नाही. मला यातलं एकही जमलं नाही. ना मान देता आला, ना तोंडावर बोलता आलं. व्हॉट्सअॅपवर त्या नाव गाळलेल्याची चित्रं पुढे ढकलतो तेवढाच माझा पराक्रम.

आणि आजोबांचं प्रार्थनापुस्तक आठवतंय का? कपाटातून काढलं. राजासाठीच्या प्रार्थनेत पंचम जॉर्ज छापलाय. 'पंचम' खोडून पेन्सिलीने 'सहावा'. मधल्या एडवर्डला सवडच मिळाली नाही बिचाऱ्याला. मग तेही खोडून त्यांच्या तिरक्या अक्षरात 'राष्ट्रपती'. म्हणजे 42 साली खादी घालून, घरात गांधींचा फोटो लावून, हा माणूस दर रविवारी सहाव्या जॉर्जसाठी हात जोडत होता. खोडलं ते राजा गेल्यावर. मी मात्र माणूस खुर्चीवर असतानाच खोडलं.

तुझ्या धाकटीचं ठरल्याचं सुशीला कळलं, फार आनंद झाला, तारीख कळव. मोतीबिंदूचं लांबवू नकोस. पुण्याचा फ्लॅट विकू नको म्हणून बजावलं होतं, विकलासच ना.

पुढची पाळी चार आठवड्यांनी आहे. पाळकसाहेबांना सांगून बदलून घ्यावी असं आधी वाटलं. मग संध्याकाळी चहा ठेवताना नाव मोठ्याने म्हणून पाहिलं. आतून सुशी ओरडली, "त्या टीव्हीचा आवाज कमी करा आधी." दुसऱ्यांदा म्हटलं, हळू. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत चहा उतू गेला.

तू असतास तर काय केलं असतंस ते लिही. कोल्हा काढू नकोस.

तुझा,
भास्कर