आमच्या गीतांची वेलांटी जागेवर आणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम सलाम.

आमच्यात पत्र सलामाने सुरू होतं, हे तुम्हाला आता ठाऊक आहे. पहिल्यांदा फोनवर तुम्ही ‘रामकृष्ण हरी’ म्हणालात, मी ‘सलाम’ म्हणाले, आणि पुढच्याच वाक्याला आपण दोघं रफारावर आलो. नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार. त्याला तुमची परवानगी मी मागितलेली नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. मी पुण्यात खराडीला सॉफ्टवेअरमध्ये काम करते, घर नगरचं. काकांनी जन्मभर छापखान्यात अक्षरं जुळवली. (अहिल्यानगर म्हणायची सवय जिभेला अजून लागायचीय.) आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, एक छोटं गीतांचं पुस्तक आहे. नव्वदच्या दशकात कुणीतरी ते पेजमेकरवर, म्हणजे पुस्तकाची पानं जुळवायच्या प्रोग्रॅमवर, जुळवलं होतं. छापखाना केव्हाच बंद पडला आणि सीडी पाळकसाहेबांच्या कपाटात राहिली. तरुण संघाला ती गीतं मोबाइलवर हवी होती, शोधता येतील अशी. फाईल उघडली तर इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस, डॉलरची खूण, सगळी खिचडी. फॉन्ट कुठला तेही कुणाला सांगता येईना.

मी ऑनलाइन विचारलं. बहुतेकांचं उत्तर एकच, टाकून द्या ती फाईल आणि नव्याने टाइप करा. सल्ला चुकीचा नव्हता, पण टाइप करायला कुणी पुढे येत नव्हतं. तुम्ही तेवढं विचारलंत, “छापील पान आहे का? त्याचा फोटो आणि त्याच पानाची फाईल, दोन्ही पाठवा.” दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून एका वहीच्या पानाचा फोटो आला. डावीकडे फाईलमधली खूण, उजवीकडे मराठी अक्षर, आणि मधे लाल पेनाने बाण. त्या बाणांमुळे माझं काम सुरू झालं.

बाण कशासाठी ते मला आधी कळलंच नव्हतं. तुम्ही सांगितलंत, “आम्ही डोळ्याने टाइप करायचो, कानाने नाही.” पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फॉन्टात ती आधी दाबायची आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे आजचे मोबाइल आणि संगणक अक्षरं साठवतात त्या पद्धतीत, नेमकं उलट, जसं बोलतो तसं. आधी अक्षर, मग वेलांटी. म्हणजे ‘ख्रिस्त’ या शब्दात वेलांटी सगळ्यात पुढे उभी, आणि तिला उचलून अख्ख्या ‘ख्र’च्या मागे न्यायचं. रफाराचं त्याच्याही उलट. तो दिसतो शेवटी, म्हणून जुन्या फाईलमध्ये शेवटी, पण युनिकोडमध्ये त्याला अक्षराच्या आधी बसवायचं. ‘सर्वांनी’मध्ये तर रफार आणि अनुस्वार मिळून एकच कळ होती, ती आधी फोडायची, मग दोघांना आपापल्या जागी पाठवायचं. आणि ‘भ’ हे एक अक्षर नसून अर्धा भ अधिक काना, हे तुम्ही सांगितलं नसतं तर ‘भाव’मधले दोन काने बघून मी एक पुसूनच टाकला असता.

आठवड्याच्या सुटीत मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. तुम्हाला पायथन येत नाही आणि मला पेजमेकर. तरी रात्री उशिरापर्यंत तुम्ही फोनवर एकेक ओळ वाचून घेत होतात. मागी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना बाळ येशूकडे नेणाऱ्या, नाताळच्या गीतातल्या ताऱ्यावर आपण सगळ्यात जास्त वेळ घालवला असेल. ‘ताऱ्याने’ लिहायचे दोन मार्ग आहेत. एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घ्यायचं, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त (पाय मोडायची खूण) आणि त्यामागे न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा नाही. तिसरा प्रकार म्हणजे ‘तार्याने’, तो तर सरळ चुकीचा. तुम्ही म्हणालात, “मागी लोकांना तारा सापडला, तुमच्या पोरांना सापडला पाहिजे.” आम्ही सगळीकडे ‘ऱ’ ठेवला. कुणी दुसऱ्या पद्धतीने टाइप केलं तर शोधताना प्रोग्रॅमच ते बदलून घेतो.

तुम्हाला मी ज्या गोष्टी पाठवत गेले, त्याबद्दल एक सांगायचंय. माझं ऑनलाइन जग तसं साधंच. सकाळी कंपनीच्या बसमध्ये पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, त्या दिवसाचा उतारा, मग प्रोग्रॅमिंगबद्दल कुणी काय लिहिलंय ते, एखादं बुद्धिबळाचं कोडं, रात्री विकिस्रोतावर जुनी मराठी पुस्तकं. ऑफिसात यातलं अर्धं कुणाला सांगता येत नाही आणि मंडळीत उरलेलं अर्धं. तुम्हाला मात्र सगळंच पाठवत होते, आणि तुम्ही वाचत होतात! व्हिम हा प्रोग्रॅम लिहायचा एडिटर उघडला की पहिल्याच पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते. तो लिहिणारे ब्रॅम मूलेनार २०२३ साली गेले. हे कळल्यावर तुम्ही विचारलंत की मुलांना पैसे अजून जातात का. माझ्या टीममधल्या कुणाला हा प्रश्न पडला नव्हता.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ तर तुमचे लाडकेच झाले. पवित्र शास्त्रातल्या पुस्तकांच्या तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन घेऊन त्यांनी आख्खा अभ्यास केला, म्हणून मला ते आवडतात. तुम्हाला आवडले ते वेगळ्या कारणाने. १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं इतकी कुरूप दिसली की त्यांनी अक्षरजुळणीसाठी ‘टेक’ नावाची नवी प्रणालीच लिहायला घेतली. “हा माणूस आपल्या धंद्यातला,” तुमचं ताबडतोब उत्तर. पुस्तकात चूक दाखवली की ते २००८पर्यंत २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवायचे, हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, आमच्या मालकाने असे चेक दिले असते तर पेठेतले मुद्रितशोधक बंगले बांधून बसले असते.

आणि फादर स्टीफन्स. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा पाद्री. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातच राशोलला छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण छपाई रोमन लिपीत. आपल्या लिपीत छापावं अशी त्याची किती तरी वर्षांची इच्छा होती. १६०८च्या एका पत्रात त्याने अडचण लिहिलीय की इथल्या अक्षरांना सहाशेच्या घरात साचे लागतात, युरोपात चोविसांत भागतं. मी एवढंच पाठवलं होतं. तुम्ही उलट विचारलंत, “सहाशेच? जोडाक्षरं धरून की सोडून?” स्टीफन्सला असा जुळारी भेटायला हवा होता, असं मला तेव्हा खरंच वाटलं.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांच्या गीतांबद्दल इथे फार लिहीत नाही, त्यावर आपण फोनवर पुष्कळ बोललोय. तुम्ही जन्मभर हरिपाठ आणि गाथा जुळवलेली. त्यामुळे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं तपासताना एक अक्षर कमी पडलं की तुम्हाला चालीतच कळायचं. छापील पुस्तकातच गळलेल्या दोन-तीन मात्रा तुम्ही अशा पकडल्यात. मी जुन्या प्रतीशी ताडून पाहिलं, तुमचंच बरोबर होतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणायचे. ते मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या पुलाचा हिशेब मात्रांमध्येही लागतो, हे तुम्ही दाखवलंत.

टिळक १९१९ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली की आपल्याकडे प्रताधिकार संपतो, त्यामुळे त्यांची गीतं कुणालाही वापरता येतात. तेवढी आपण सगळ्यांसाठी खुली ठेवलीत, प्रोग्रॅमसकट. बाकीची मंडळीपुरती. पाळकसाहेबांनी उपासनेत तुमच्यासाठी प्रार्थना केली. नाव न घेता, “नगरबाहेरच्या त्या बंधूंसाठी” म्हणून. आई विचारते, काकांना डायबेटिस आहे का, नाहीतर डोनट आणि करंज्या पाठवते. ते कळवा.

मानधनाचा विषय तुम्ही दोनदा उडवून लावलात. तिसऱ्यांदा काढत नाही. पण शेवगावकडच्या एका मंडळीकडे अशीच एक सीडी निघालीय, आणि त्यातला फॉन्ट वेगळा आहे. पहिल्या पानाचा फोटो आणि फाईल आज रात्री पाठवते. लाल पेनात शाई आहे ना?

तुमची,
नगरची मुलगी