डायलिसिसला दहा लाख, आहारतज्ज्ञाला शून्य? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गुजरात राज्य,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आमच्या ह्यांना मध्यरात्री आयसीयूत हलवावं लागलं. रक्तातलं पोटॅशियम 6.4, फारच वाढलेलं. हृदय कधीही बंद पडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. कारण विचाराल तर एक झेरॉक्सचा कागद. एका सरकारी रुग्णालयात मधुमेहाच्या प्रत्येक पेशंटच्या हातात तोच कोंबतात: नारळपाणी प्या, पालक खा, टोमॅटोचं सूप घ्या, डाळी वाढवा. ह्यांच्या केसपेपरवर वाढलेलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालत नसल्याची खूण, ठळक लिहिलेलं होतं. या सगळ्यात पोटॅशियम भरपूर, ते बाहेर टाकू न शकणारी किडनी असलेल्या माणसाला हे विष आहे, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. आहारतज्ज्ञाच्या खोलीला कुलूप. ‘जग्या खाली छे,’ म्हणजे जागा रिकामी आहे, शिपाई म्हणाला.

मी निष्ठेने करून घातलं हो ते सूप. रोज.

भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम बरंच कमी होतं, एवढी साधी गोष्ट नंतर खाजगीत फी भरून कळली. सांगणारी मुलगी आपल्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेली. बडोद्यात 1950 पासून होमसायन्सची फॅकल्टी आहे, साहेब! हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या तेव्हापासून. शिकून बाहेर पडणाऱ्या मुली जातात कुठे? जिम आणि प्रोटीन पावडरच्या दुकानांत, कारण सरकारी जागा भरायच्याच नसतात.

संशोधन नाही म्हणाल, तर तेही आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांवर चेन्नईत चाचणी झाली, 2006 मध्ये निकाल छापून आले. आहार आणि चालण्याने धोका 28 टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने 26. म्हणजे गोळीच्या तोडीस तोड. खिडकीवर मिळते मात्र फक्त गोळी. ब्रिटनमध्ये तर 2017 च्या चाचणीत मोजक्या उष्मांकांच्या आहारावर 46 टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधांशिवाय आटोक्यात आला, आणि तिथल्या सरकारी सेवेने तो कार्यक्रमच सुरू केला. ह्यांचा मधुमेह जुना, ह्यांना ते लागू नाही, कळतं मला. पण देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत, त्यांचं काय? आमच्या भाकरी-आमटीवर, ढोकळ्या-खिचडीवर असे मोठे प्रयोग कोण करणार? भाकरीचं पेटंट निघत नाही, म्हणून कंपन्या पैसा घालत नाहीत. आणि सरकारला उद्घाटनाची फीत कापता येईल असं काही तरी लागतं. डायलिसिस सेंटर बरं असतं, फोटोत मशीन दिसतं.

आयुष्मान कार्डावर दहा लाखांपर्यंत उपचार फुकट, डायलिसिससुद्धा, त्याबद्दल आभार. म्हणजे किडनी गेली की आम्ही तुमचे. ती वाचवायची असेल तर ज्याचं त्याने बघावं!

रिकाम्या जागा भरा, तो कागद आजच्या आज बंद करा, आणि किडनीच्या पेशंटला वेगळा, गुजराती-मराठी घरात शिजतं त्या जेवणाचा तक्ता द्या. उत्तर पाठवणार असाल तर ‘आपली अरजी संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ हे वाक्य सोडून काहीही चालेल.

आपली,
दांडिया बाजारातली एक निवृत्त शिक्षिका, बडोदे