एकदा तरी डेटाबेस स्वतः बांधू द्या

महोदय,

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात नवे काय आणावे, यावर सध्या सगळीकडे बोलले जात आहे. मी कोल्हापुरात चोवीस वर्षे डेटाबेस हा विषय शिकवला. त्या अनुभवावरून माझी एकच मागणी आहे. मुलांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड डेटाबेस (वस्तूची माहिती तक्त्यांत न तोडता तिच्या भागांसकट अख्खी साठवणारा), छोटा का होईना, एकदा स्वतःच्या हाताने बांधू द्या.

आज या धड्याच्या वाट्याला परीक्षेच्या तोंडावरची दोन व्याख्याने येतात. व्याख्या, फायदे-तोटे, पाच गुणांची टीप, झाले. मीही अनेक वर्षे असेच शिकवले, याचे मला वाईट वाटते. निवृत्तीनंतर मात्र संध्याकाळी घरी पाच-सहा मुले जमवून आम्ही हे काम मुळापासून केले.

शिरोलीच्या फाउंड्र्यांमुळे आमच्याकडच्या मुलांना पंप घरचाच, म्हणून उदाहरण पंपाचे घेतले. पंपात केसिंग, इंपेलर, शाफ्ट, शाफ्टवर बेअरिंग. नेहमीच्या डेटाबेससारखे तक्त्यांत हे मांडले की एक अख्खा पंप उभा करायला पातळीमागून पातळी तक्ते एकमेकांना जोडावे, म्हणजे जॉइन करावे लागतात. मुलांनी सी प्लस प्लस या भाषेत 'पंप' हा क्लास, म्हणजे वस्तूचा साचा, लिहिला, आत इंपेलरचा पॉइंटर, म्हणजे तो मेमरीत कुठे आहे याचा पत्ता, ठेवला आणि त्या साच्यातून घडलेला ऑब्जेक्ट जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवला. लगेच वाचून पाहिला तर बरोबर. दुसऱ्या दिवशी वाचला तर प्रोग्राम कोसळला. फाइलमधले बाइट एकेक करून तपासले, तेव्हा इंपेलरच्या जागी कालच्या मेमरीतला पत्ता सापडला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हा तर भाड्याच्या खोलीचा पत्ता झाला. खोली सोडली की पत्र परत! याला आधार क्रमांकासारखं काहीतरी हवं."

ऑब्जेक्टची ओळख त्याच्या जागेवर अवलंबून नसते, ही या शास्त्राची पहिली पायरी, आणि ती तिला माझ्या व्याख्यानाशिवाय सापडली. मग प्रत्येक ऑब्जेक्टला कायमचा क्रमांक दिला, त्या क्रमांकाचा ऑब्जेक्ट फाइलच्या कोणत्या पानावर (ठरावीक आकाराच्या तुकड्यात) आहे याचा तक्ता केला आणि ऑब्जेक्ट मेमरीत आला की क्रमांकाच्या जागी खरा पॉइंटर बसवण्याची सोय केली. याला स्विझलिंग म्हणतात. हा शब्द ती मुले आता जन्मात विसरणार नाहीत.

पुढचा धडा विजेने शिकवला. पंप लिहून झाला, इंपेलर लिहायचा होता, तेवढ्यात मी भिंतीवरचे बटण बंद केले. पुन्हा सुरू केल्यावर पंप होता, पण तो ज्या इंपेलरकडे बोट दाखवत होता तो फाइलमध्ये नव्हताच. मी मुलांना सातबाऱ्याची आठवण करून दिली. तिथे बदल आधी फेरफार नोंदवहीत चढतो, नोंद मंजूर झाली की मगच सातबाऱ्यावर येतो. आपणही बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे आपल्या फेरफार नोंदवहीत लिहायचा, तो डिस्कवर पोहोचल्याची खात्री करायची आणि मगच मूळ पानाला हात लावायचा. हे जमायला तीन आठवडे गेले. त्यानंतर मुले स्वतःच बटण बंद करून पाहू लागली.

'हे तंत्र तर मागे पडले' असे सहकारी मला सांगतात. मान्य आहे. 1989 साली सहा संशोधकांनी जाहीरनामा काढून अशा डेटाबेसचे तेरा अनिवार्य गुण सांगितले होते. त्यांतले पाच साठवण, एकाच वेळचा वापर, बिघाडातून सावरणे असे निव्वळ डेटाबेसचे होते, म्हणजे नुसते क्लास लिहून भागत नव्हते. पुढे या डेटाबेसची मानके ठरवणारा गट 2001 मध्ये विसर्जित झाला. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेने बाबार या कणभौतिकीच्या प्रयोगासाठी ऑब्जेक्टिव्हिटी हा असाच डेटाबेस वापरून शेकडो टेराबाइट माहिती साठवली आणि नंतर तीही दुसऱ्या पद्धतीकडे वळली. पगारपत्रक नि बँकेच्या खात्यांसाठी संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेले तक्तेच योग्य, असे मीही म्हणते. पण आज जागोजागी वापरल्या जाणाऱ्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तक्त्यांचा वारसा (एका तक्त्याचे रकाने दुसऱ्याला मिळणे) आणि माहितीचे आपण घडवलेले प्रकार आहेत, ते याच विचारातून आलेले. आणि जावा या भाषेतले ऑब्जेक्ट तक्त्यांत बसवताना कंपनीत मुलांची जी दमछाक होते, तिचे मूळ त्यांना कोण समजावणार?

म्हणून विद्यापीठांना विनंती आहे की एका सत्राचे प्रात्यक्षिक यासाठी राखून ठेवावे. पाच प्रयोग पुरेत: पान आणि कायमचा क्रमांक, स्विझलिंग, लॉग, दोघांनी एकाच वेळी केलेले बदल, आणि शेवटी क्लासमध्ये नवा रकाना आला तर जुन्या ऑब्जेक्टांचे काय करायचे. आमच्या पंपात 'धातूची प्रत' वाढवली तेव्हा जुने पंप वाचले जाईनात, आणि सगळे एकदम बदलायचे की ज्याची गरज पडेल तोच त्या वेळी, यावर दोन संध्याकाळी वाद झाला. असा वाद मी वर्गात कधी ऐकला नव्हता. खर्च काहीच नाही, लागणारी साधने फुकट मिळतात. गुण मात्र जर्नलला न देता परीक्षकासमोर वीज घालवून डेटाबेस पुन्हा उभा करून दाखवण्याला द्यावेत.

या पाच प्रयोगांची मराठीत लिहिलेली वही माझ्याकडे तयार आहे. जे शिक्षक मागतील त्यांना ती द्यायला मी तयार आहे.

– एक निवृत्त अध्यापिका, कोल्हापूर