चपला बाहेर काढणाऱ्या मेस्तांना

मेस्त,

चष्मा सापडत नाही म्हणून तुम्ही हे वाचणार नाही, ठाऊक आहे. नातवाकडून वाचून घ्या.

काल रात्री मये गावाला पावसाने झोडपून काढलं. तीन वाजता बॅटरी घेऊन अंगणातल्या कॅरव्हॅनमध्ये गेलो, छताच्या कोपऱ्यात हात फिरवला. कोरडा. पलीकडचा कोपरा, तोही कोरडा. मग बाकावर बसून चक्क रडलो. तुमच्यासमोर हे सांगायची हिंमत झाली नसती.

ती गाडी बाबांची. हणजुण्याला आलेल्या एका परदेशी जोडप्याने मोटारीमागे जोडून ती युरोपातून इथवर ओढत आणलेली. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्ष सरता सरता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, आणि खुष्कीची परतवाट मिटली. ती दोघं विमानाने गेली, गाडी बाबांकडे राहिली. मे महिन्यात आम्ही भावंडं तीतच झोपायचो.

बाबा गेल्यावर ती दुरुस्त करायची मनात आलं आणि गेलो एका नावाजलेल्या वर्कशॉपात. आगाऊ पैसे, पाच महिने हेलपाटे, आणि काम काय तर दिसेल त्या फटीत सिलिकॉन थापलं! पोरं चिखलाच्या बुटांनी आत वावरायची. मालक माझ्यादेखत फोनवर कुणाला तरी ‘भंगार आलंय एक’ सांगून हसायचा. पहिल्याच पावसात पाणी वरून शिरलं आणि खालच्या फटी बुजल्यामुळे आतच कोंडलं. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, तर चौकटीचं लाकूड चहात बुडवलेल्या उंड्या पावासारखं.

मग चोडणहून तुम्ही आलात. होड्या बांधणारा माणूस ह्यात काय करणार, असं मला वाटलं होतं, आता लपवत नाही. तुम्ही दाराच्या पायरीशी थांबलात आणि चपला काढल्यात. उजव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला. मी म्हटलं, "राहू देत हो, आत नुसती घाण आहे."

"घर मरे हें?" म्हणालात, आणि कुजलेल्या प्लायवर अनवाणी आत गेलात.

त्या क्षणी काम झालं, माझ्यापुरतं. पुढे सागवानी पट्ट्या आल्या, मरीन प्लाय आला, खाऱ्या हवेत तांबूस गंज धरलेले लोखंडी स्क्रू गेले. खालची कड मात्र तुम्ही मुद्दाम मोकळी ठेवलीत. "उदक भितर सरतलेंच, ताका भायर वचपाक वाट जाय." खरंच, शिरलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट हवीच. मजुरी चोख मोजून घेतलीत, तेही बरं केलंत. फुकट केलं असतंत तर पुन्हा हाक मारायची मला लाज वाटली असती.

रायबंदरच्या फेरीबोटीत एक खलाशी आहे, धक्क्याला लागताच आधी म्हाताऱ्या बायकांच्या मासळीच्या पाट्या उतरवून घेतो, मग दुचाक्यांना वाट देतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो दिसला की हल्ली तुम्ही आठवता.

आज सकाळी आईला चहा कॅरव्हॅनमध्येच दिला. पायरीशी तिने चपला काढल्या, मग शेजारच्या काकूंनी, मग पोरांनी. तासाभराने सगळे बाहेर आले तेव्हा आई माझ्यावरच उखडली. काल रात्रीपासूनच्या पावसात एवढंच भिजलं होतं, पायरीवरच्या पाच जोड चपला.